चढलात कसे ते सोडा, उतरलात कसे?

मुंबईच्या लोकलमध्ये उतरायची तयारी दोन स्टेशनं आधीपासून सुरू होते. पुढच्याच्या खांद्याला बोट लावून ‘दादर?’ एवढंच विचारायचं. त्याने मान हलवली की आपण निश्चिंत. गावाकडे एसटीत कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या शिदोरीवर मी म्युनिकला गेलो. पहिल्याच संध्याकाळी एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, दाराशी एकटाच, वेळेआधी जाऊन उभा. स्टेशन आलं, गाडी थांबली, दार ढिम्म. मी दाराकडे बघतोय, दार माझ्याकडे. गाडी सुटली! दारावरचं बटण आपण दाबायचं असतं, हे पुढच्या स्टेशनावर एका शाळकरी पोराकडून कळलं. ज्याला उतरायचंय त्यानेच दार उघडायचं, म्हणजे हिवाळ्यात डब्यातली ऊब उगाच बाहेर जात नाही. पुढे कार्ल्सप्लाट्झला गाडीच्या दोन्ही बाजूंना फलाट दिसले: एकीकडून उतरा, दुसरीकडून चढा. दादरकराच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

चढण्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. परदेशात रोजच्या जाण्यायेण्यात उतरताना काय झालं, ते येऊ द्या.

नैरोबी

आमच्या मटाटूला ना बेल, ना बटण. चौदा सीटांची व्हॅन, बाहेरून फुटबॉलपटू नाहीतर रॅपर रंगवलेले, आत गाणं इतकं मोठं की सीटसुद्धा हादरते. त्या आवाजावर मात करून ‘मला उतरायचंय’ हे सांगायचं. पहिल्या आठवड्यात मी ‘एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी’ करत दोन थांबे पुढे गेले. शेवटी शेजारच्या मामांना माझी दया आली (इथे मामा म्हणजे बाई, आईच्या वयाची). त्यांनी पर्समधून नाणं काढलं, खिडकीच्या दांडीवर टकटक वाजवलं आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, ‘शुकिशा!’ म्हणजे उतरव. गाडी जागच्या जागी उभी.

निघायचं असलं की दारात लटकणारा मकांगा, म्हणजे कंडक्टर, पत्र्यावर थापा मारतो. आपली डबल बेलच की! नावाचीही गंमत आहे. स्वाहिलीत ‘टाटू’ म्हणजे तीन. पूर्वी भाडं तीस सेंट होतं, दहा-दहाची तीन नाणी, त्यावरून मटाटू. २००४ मध्ये परिवहनमंत्री जॉन मिचुकी यांनी सीटबेल्ट सक्तीचे केले, वेग ताशी ८० किलोमीटरवर बांधला आणि गाडीभोवती पिवळा पट्टा मारायला लावला. पिवळा पट्टा लांबूनही दिसतो. बेल्ट मात्र दिसतो तो घरी आल्यावर: माझ्या पांढऱ्या कुडत्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका काळा ओरखडा. आता मटाटूचे कपडे वेगळे ठेवलेत.

युट्रेख्त, नेदरलँड्स

मी उतरलो, पण हिशेबात उतरलोच नाही. इथे आगगाडीसाठी कार्ड शिरताना टेकवायचं आणि बाहेर पडतानाही. माझ्याकडे बिननावाचं कार्ड होतं. त्यातून आत शिरतानाच २० युरो धरून ठेवायचे आणि बाहेर टेकवल्यावर भाडं वजा जाता उरलेले परत मिळायचे. मोठ्या स्टेशनांवर फाटकं असतात, म्हणून विसरायची सोय नाही. मी उतरलो ते बारकं स्टेशन, नुसता एक खांब. आईचा फोन आला आणि बोलत बोलत त्या खांबाला वळसा घालून मी घरी. २० युरो गेले. अर्ज करून परत मिळवले, पण बायको अजून दारात विचारते, ‘नक्की उतरलास ना?’

नागानो, जपान

खेड्यातली बस. चढायचं मागून, आणि चढताना मशीनमधून नंबराची चिठ्ठी घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो, त्यावर आपल्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरायचं पुढून, चिठ्ठी आणि मोजून तेवढीच नाणी पेटीत टाकून. सुटे नसतील तर त्याच पेटीला मोडीसाठी वेगळी फट असते. मी ५०० येनचं नाणं भाड्याच्या फटीत टाकलं. भाडं होतं ३४०. मागे चार आजीबाई शांतपणे उभ्या, ड्रायव्हर चूक त्याचीच असल्यासारखा माफी मागतोय, आणि मला पाय फुटेनात.

दुसऱ्या खेपेला सुटे हातात धरून सवयीने दोन स्टॉप आधी उठले. लगेच माइकवर सूचना आली, बस पूर्ण थांबेपर्यंत बसून राहा. बसमध्ये उभी मी एकटीच! बसले.

न्यू जर्सी

आई आली होती. बसमध्ये खिडक्यांवरून पिवळी दोरी गेलेली असते, ती ओढली की पुढच्या स्टॉपला बस थांबते. आईने ती आधाराला धरली. दर स्टॉपला बस थांबे, दार उघडे, उतरे कुणीच नाही. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, ‘अगं, एसटीत कधी दोरीला हात लावला नाहीस!’

‘ती कंडक्टरची असते. इथे कंडक्टरच नाही, मला वाटलं रिकामीच आहे.’

दुबई

खाडीवरची अब्रा. बर दुबई ते डेरा, भाडं एक दिरहॅम. होडी धक्क्याला टेकेपर्यंत निम्मे लोक उतरलेले असतात. भाऊच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसाला त्यात काय शिकायचंय.

बँकॉक

अब्रा संथ हो! इथल्या सेन सेप कालव्यातली बोट धक्क्याला काही सेकंदच लागते. पाणी काळं आणि वासाचं, म्हणून बोटीच्या दोन्ही कडांना प्लास्टिकचे पडदे. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्यांनी दोऱ्या ओढून पडदा वर घ्यायचा. तिकीटवाले डोक्यावर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या अरुंद काठावरून चालत पैसे गोळा करतात, कारण कालव्यावरचे पूल बुटके. उतरायचं तर पडदा खाली, पाय काठावर, हात दोरीला, की मार उडी.

पहिल्या दिवशी मी धक्क्यावर पोचले, माझी डावी चप्पल बोटीतून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच धक्क्यावर येऊन उभी राहिले. बोट लांब होती तेव्हाच काठावरच्या तिकीटवालीने हात वर केला. हातात चप्पल.