मदत हवी आहे: इनपुट तोच, मेकॅनिझम दोन, दुपारच्या ओझोनमध्ये २२ पीपीबीचा फरक (महापे, बॉक्स मॉडेल)

ठाणे_बेलापूर_रोड:
महापे परिसरासाठी बॉक्स मॉडेल (सगळी हवा एकाच डब्यात मिसळलेली धरणारं मॉडेल) चालवतोय. फेब्रुवारीच्या मध्यातला एक निरभ्र दिवस घेतलाय. सॉल्व्हर केपीपीमधला (रासायनिक समीकरणांचा कोड बनवणारं साधन) रोझेनब्रॉक. मेकॅनिझम, म्हणजे हवेतल्या अभिक्रियांची यादी, एकदा सीबी६ (कार्बन बाँड) आणि एकदा सॅप्रक-०७ वापरलं. सुरुवातीची हवा, तापमान, मिश्रणाची उंची, सगळं सारखं. तरी दुपारचा ओझोन सीबी६ मध्ये ७४ पीपीबी (अब्जात ७४ भाग) आणि सॅप्रकमध्ये ९६. स्टेशनवर ६१ दिसतोय.

व्हीओसी (बाष्पशील सेंद्रिय वायू) कॅनिस्टरच्या लॅब रिपोर्टमधून घेतलेत: ब्युटेन-पेंटेन मिळून ६०, इथीन ६, टोल्यूइन २१, एम-झायलीन ८, आयसोप्रीन ५. एनओएक्स (एनओ अधिक एनओ२) आणि ओझोन सरकारी पोर्टलवरून. फोटोलिसिसचे रेट (जे, म्हणजे प्रकाशाने रेणू फुटायचा वेग) दोन्हींत ज्या-त्या मेकॅनिझमबरोबर आलेल्या टेबलमधून. एनओ२ चा जे कमाल दुपारी १२:२२ ला येतो.

प्रश्न सरळ आहे. आपल्याकडच्या हवेसाठी कोणतं मेकॅनिझम धरावं? सीबी६ स्टेशनच्या जवळ आहे म्हणून तेच ठेवू का?

खाडीवारा:
मेकॅनिझम निवडायची वेळ अजून आलेली नाही. आधी रिपोर्टमधलं एकक बघा. ५ पीपीबी आयसोप्रीन येऊरच्या झाडीत एक वेळ चालून जाईल, एमआयडीसीत फेब्रुवारीत नाही. जीसी-एफआयडीचे (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) रिपोर्ट बहुतेक वेळा पीपीबीसी मध्ये येतात, म्हणजे रेणू नव्हे, कार्बन अणू मोजलेले. तुमचे आकडे तसे असतील तर टोल्यूइन २१ नाही, ३ आहे (सात कार्बन). झायलीन १, इथीन ३, आयसोप्रीन १.

आता गंमत बघा. कार्बन बाँडमध्ये अल्केन पार नावाच्या एककात जातात आणि एक पार म्हणजे एक कार्बन. ब्युटेनचे चार पार, पेंटेनचे पाच. तुम्ही ६० थेट पारमध्ये टाकले असतील तर नकळत बरोबर टाकलेत. सॅप्रकमध्ये तेच ६० एएलके३ आणि एएलके४ या अल्केन-गटांमध्ये रेणू म्हणून गेले, म्हणजे साडेचार पट जास्त. दोन मेकॅनिझममधला फरक बहुतेक इथून आलाय. टोल्यूइन, झायलीन, इथीन, आयसोप्रीन मात्र दोन्हीकडे सारखेच फुगलेत, म्हणून दोन्ही स्टेशनच्या वर. लक्षणं दोन, रोग एक.

ओएच रिअ‍ॅक्टिव्हिटी (हे वायू मिळून ओएच रॅडिकल किती वेगाने खातात) काढून ताडा. २५ अंशांना १ पीपीबी म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये २.४६ × १०^१० रेणू. त्याला त्या वायूच्या ओएच-रेटने गुणा. आयसोप्रीनचा रेट १.० × १०^-१०, म्हणजे ५ पीपीबीला सेकंदाला १२.३. टोल्यूइनचा ५.६ × १०^-१२, २१ ला २.९. एम-झायलीन २.३ × १०^-११, ८ ला ४.५. इथीन ७.९ × १०^-१२, ६ ला १.२. अल्केन सरासरी ३ × १०^-१२ धरले तर ६० ला ४.४. बेरीज २५. रेणूंमध्ये बदलून पुन्हा करा, ५ येईल. मेकॅनिझम बदलून पाच पटींचा फरक पडत नसतो.

सोलर_नून:
जे कमाल १२:२२ ला येतोय ना, तिथेही घोळ आहे. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, महापे साधारण ७३ वर. साडेनऊ अंश गुणिले चार मिनिटं, म्हणजे ३८ मिनिटं उशीर. फेब्रुवारीच्या मध्यात वेळेच्या समीकरणाची आणखी १४ मिनिटं. सूर्य माथ्यावर येतो १२:५२ ला. तुमचा ३० मिनिटं आधी येतोय, म्हणजे यूटीसीत कुठेतरी साडेपाच ऐवजी पाच तास मिळवलेत. वेळेचं व्हेरिएबल पूर्णांक असलं की शेपटीचा अर्धा तास गळतो आणि कंपायलर चूं करत नाही.

आणि जे टेबल दोन्हींना एकच द्या. नाहीतर तुलना मेकॅनिझमची न होता टेबलांची होते.

ठाणे_बेलापूर_रोड:
रिपोर्टच्या तळटीपेत खरंच पीपीबीसी लिहिलंय. वेळही पाच तासच होती. दोन्ही दुरुस्त करून, एकच जे वापरून: सीबी६ ६४, सॅप्रक ६७. मग आता दोन्ही चालतील असं म्हणायचं का?

खाडीवारा:
नाही. ६१ च्या जवळ आलं याचा अर्थ फार कमी. बॉक्सच्या भिंतीबाहेर काय आहे हे तुम्ही ठरवता: सकाळी थर उंच होताना वरून किती ओझोन आत आला, दुपारी खाडीवरून कसली हवा आली. हे दोन आकडे हलवले की ६१ कुठल्याही मेकॅनिझममधून काढता येतो. मेकॅनिझमची परीक्षा पायरीपायरीने घ्या, साध्यापासून.

पहिली, अंधारातली. प्रकाश शून्य, व्हीओसी शून्य, एनओ १० पीपीबी, ओझोन ४०. एनओ-ओझोन अभिक्रियेचा रेट (के) १.९ × १०^-१४ धरला तर चाळीसेक सेकंदांत एनओ निम्मा झाला पाहिजे आणि दहा मिनिटांनी एनओ जवळपास शून्य, ओझोन ३०, एनओ२ १०. नाही आलं तर एककांची चूक. जुन्या फाइल्समध्ये रेट पीपीएम-मिनिटात असतात. हाच रेट तिथे २८ च्या आसपास दिसतो. गुणक १.४८ × १०^१५.

दुसरी, उजेडातली, फक्त एनओएक्स आणि ओझोन. ओझोन = जे × एनओ२ ÷ (के × एनओ). पाच मिनिटांत हे समीकरण जुळायला हवं.

तिसरी, नायट्रोजनची. निक्षेपण (वायू जमिनीवर बसणं) आणि विरळीकरण बंद करा, व्हीओसी चालू करा, आणि एनओ, एनओ२, एनओ३, एचओएनओ, एचएनओ३, एचएनओ४, पॅन (पेरॉक्सीॲसिटाइल नायट्रेट), सेंद्रिय नायट्रेट यांची बेरीज दिवसभर जशीच्या तशी राहते का बघा. सीबी६ मध्ये पॅनएक्स, ओपॅन, क्रॉन, एनटीआर१, एनटीआर२, आयएनटीआर ही भावंडं विसरू नका. केपीपीच्या स्पीशीज फाइलमध्ये प्रत्येकाचे अणू लिहिले असतील तर चेक कमांड समीकरणांतला असमतोल दाखवते. पण बरेच लोक तिथे इग्नोर लिहून मोकळे होतात.

चौथी, सॉल्व्हरची. तुम्ही पीपीएममध्ये चालवत असाल तर ॲबसोल्यूट टॉलरन्स (सॉल्व्हर खपवून घेतो तेवढी चूक) किती आहे? घनसेंटिमीटरमध्ये १० लाख ओएच म्हणजे पीपीएममध्ये ४ × १०^-८. टॉलरन्स १०^-६ ठेवलात तर ओएच नसल्यातच जमा, आणि आलेख तरी गुळगुळीतच दिसतो. १०^-११ च्या खाली ठेवा.

हे झालं की चेंबरचे (बंद खोलीत वायू भरून प्रकाशात केलेले) प्रयोग. सॅप्रक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमध्ये कार्टर यांनी चेंबरवर घासूनच बांधलंय. तिथलं माप म्हणजे ओझोन उणे एनओ यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालेला बदल. नुसत्या ओझोनपेक्षा बरं, कारण ओझोन दिसायच्या आधीही एनओ खर्ची पडत असतो आणि ते यात धरलं जातं. चेंबरच्या भिंतीतून येणारा एचओएनओ आणि भिंतीवर मरणारा ओझोन वेगळा टाकावा लागतो, नाहीतर भिंतीचं पाप मेकॅनिझमच्या माथी. टोल्यूइनचे प्रयोग आधी घ्या. ॲरोमॅटिकची साखळी सगळ्यांतच कच्ची आहे.

मोलर_मास:
दोन गोष्टी पुरवणी म्हणून. पोर्टलवर एनओ आणि एनओ२ मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि एनओएक्स पीपीबीमध्ये. एकाच तक्त्यात. २५ अंशांना एनओ ला १.२३ ने भागा, एनओ२ ला १.८८ ने, ओझोनला १.९६ ने. तुमचा ६१ कशातला आहे?

दुसरं, एनओ२ मोजणाऱ्या मॉलिब्डेनम कन्व्हर्टरच्या यंत्रात पॅन आणि नायट्रिक ॲसिडचा काही भागही एनओ२ म्हणून मोजला जातो. दुपारी ही भर जास्त. मॉडेलचा एनओ२ कमी दिसला तर लगेच उत्सर्जन वाढवू नका. आधी मॉडेलमधला एनओ२ अधिक पॅन अधिक नायट्रेट काढून त्याच्याशी ताडा.

संदर्भ म्हणून एमसीएम ३.३.१ (मास्टर केमिकल मेकॅनिझम) चालवा. १७ हजारांच्या आसपास रिअ‍ॅक्शन आहेत, पण एका बॉक्सला झेपतात. तुमचे सगळे व्हीओसी तिथे आपापल्या नावाने असतात, लम्पिंगचा (अनेक वायू एका गटात कोंबण्याचा) प्रश्नच नाही.

ठाणे_बेलापूर_रोड:
६१ पीपीबीच आहे, मी बदलून घेतला होता. पहिल्या दोन पायऱ्या जुळल्या, टॉलरन्स खाली आणला. तिसरीत नायट्रोजनची बेरीज दिवसा सपाट, पण रात्री ९ नंतर हळूहळू घटते आणि सकाळी परत वर येते. सगळी भावंडं घेतलीत, एन२ओ५ सुद्धा.

खाडीवारा:
एन२ओ५ दोनदा मिळवा. त्यात नायट्रोजन दोन आहेत.