ॲप काढलं तरी मँडेट जिवंत राहतं

सबस्क्रिप्शन घेतलेल्या एकाची तक्रार आहे: "ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जातात." कापले जाणारच, कारण वसुलीची परवानगी त्या ॲपमध्ये नसून यूपीआय ऑटोपेच्या मँडेटमध्ये, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेल्या मंजुरीत असते. ज्या यूपीआय ॲपमधून मंजुरी दिली, त्याच्याच ऑटोपे विभागात जाऊन मँडेट रद्द करा. वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पैसे कापले जाण्याआधी हे उरकून घ्या. कंपनीचं 'रद्द करा' बऱ्याचदा चार-पाच पानांआड, फिकट राखाडी अक्षरांत दडवलेलं असतं आणि शेजारी 'सवलत घ्या' मात्र ठसठशीत. ही उघड अडवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ क्लृप्त्या दिल्यात. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', म्हणजे सबस्क्रिप्शन रद्द करणं मुद्दाम अवघड करणं, त्यातलीच. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवाच.