अनुभव धागा : कॉलेजचा फुटबॉल आणि नेरूळचं स्टेडियम

निळी_जर्सी, वाशी
२ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. सगळे त्याला क्रिकेटचं मैदान म्हणतात, माझ्यासाठी ते फुटबॉलचंच. २५ ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालच्यांच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल, माली विरुद्ध स्पेन. आमची कॉलेजची मुलींची अख्खी टीम प्रॅक्टिसवरून तशीच गेली होती. मालीच्या डुकुरेने लांबून हाणलेला बॉल क्रॉसबारला लागून खाली आला तो थेट गोललाइनच्या आत, आणि उसळून बाहेर. गोल दिलाच नाही! आमची गोली उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडत होती, "आत होता, आत होता!" स्पेन ३-१ ने जिंकलं.

आम्हाला कॉलेजचं ग्राउंड मुलांचं आटपल्यावरच मिळायचं. तोवर फक्कीच्या रेषा पुसलेल्या आणि उजेडही गेलेला. तरी खेळायचो. तुमच्या टीमचं, मैदानांचं लिहा. जमेल तसं लिहा.

खाडीकाठ, ठाणे
आमच्या वेळी नेरूळला काही नव्हतं हो. स्टेडियम २००८ चं. आम्ही ठाण्याहून लोकल पकडून व्हीटीला उतरायचो, तिथून चालत कूपरेज. रोव्हर्स कप बघायला. १८९१ पासूनची फुटबॉलची स्पर्धा होती ती. मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचं साळगावकर, सगळे डोळ्यांसमोर खेळताना बघितलेत. आणि आमच्या इंटरकॉलेजच्या मॅचेस भर पावसात. चिखलात बॉल थांबला की दोन्हीकडचे सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. घरी आल्यावर आई बुटांत पेपरचे बोळे कोंबून ते गॅसजवळ ठेवायची. सकाळी बूट पुठ्ठ्यासारखे कडक, पण कोरडे!

सेक्टर_१९
@खाडीकाठ काका पेपरचे बोळे 😄 आमच्याकडे अजून चालू आहे

कोझिकोडवाली सून, नेरूळ
आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, २० डिसेंबर २०१४!! नवरा मराठी, मी केरळची. आमचा अर्धा नेरूळ पिवळ्या जर्सीत. सचिनची टीम आमची, गांगुलीची कोलकात्याची. इंज्युरी टाइमपर्यंत ०-०, आणि कॉर्नरवर कोलकात्याच्या रफीकने हेडर मारला, गोल. संपलं. नवऱ्याने स्टेशनपर्यंत एक शब्द काढला नाही, मग वडापाव घेऊन दिला. कुकरची शिट्टी झाली, बाकी नंतर लिहिते.

राइट_बॅक
पहिल्यांदा फुटबॉल बघायला जाणाऱ्यांसाठी सांगतो. मैदान क्रिकेटचं, त्यामुळे टचलाइन स्टँडपासून लांब पडते. खालच्या रांगेतून पलीकडच्या बाजूचं काही कळत नाही. वरचं तिकीट घ्या. मध्ये खांब नाहीत, सगळं मोकळं दिसतं, बॅकलाइन, म्हणजे बचावातल्यांची रांग, कशी सरकते तेही. बचाव शिकायचा तर वरूनच बघावा.

मृदगंध_ऐरोली
मला २०२२ चं आठवतं. महिलांचा फुटबॉलचा आशिया कप. आपल्या टीममध्ये कोविड निघाला आणि २३ जानेवारीला तैवानविरुद्ध उतरताच आलं नाही, स्पर्धेतूनच बाद. घरच्या मैदानावर! त्या मुलींचं काय झालं असेल. फायनल ६ फेब्रुवारीला, सकाळीच लतादीदी गेल्या होत्या. घरात कोणाला काही सुचत नव्हतं, टीव्हीवर आलटून पालटून शिवाजी पार्क आणि फुटबॉल. दक्षिण कोरिया २-० पुढे असताना चीनने ३-२ ने कप नेला. आमची धाकटी, आठवीतली, जमिनीवर बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला बूट हवेत.

निळी_जर्सी, वाशी
@मृदगंध_ऐरोली वाचून अंगावर काटा आला. खेळते का अजून?

मृदगंध_ऐरोली
हो ना! आता कॉलेजला आहे, विंगर, कडेने पळते. पण जुन्या बुटांचे स्टड, तळाचे खुंट, झिजलेत, सोल सुटतोय. ठाण्यात चांगला शिवून देणारा कोणी?

सेक्टर_१९
सोल शिवून टिकत नाही ताई. ओल्या ग्राउंडवर पुन्हा सुटतो.

राइट_बॅक
झिजलेल्या स्टडवर विंगरला खेळवू नका, वळताना गुडघा जातो. बुटाचा नंबर काय तिचा?

मृदगंध_ऐरोली
पाच

निळी_जर्सी, वाशी
माझे पाचचेच आहेत, शेवटच्या वर्षी घेतलेले, फारसे वापरलेच गेले नाहीत. शनिवारी ठाण्याला येतेय. वाशीच्या गाड्या सुटतात त्या प्लॅटफॉर्मवर भेटू. तिलाच घेऊन या, घालून बघू दे.