शब्दचर्चा : ‘ट्रिगर’ला मराठीत काय म्हणाल?

गेल्या पावसाळ्यात आईचा दमा बळावला, तेव्हा दवाखान्यातून एक छापील पत्रक हातात आलं. त्यात लिहिलं होतं, ‘धूळ, धूर आणि थंड हवा दम्याला चालना देतात.’ आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “चालना म्हणजे चांगलंच ना रे? मग रात्री खिडकी उघडी ठेवू?”

चूक तिची नाही, भाषांतराची आहे. इंग्रजीत ‘ट्रिगर’ म्हणजे आत दबलेला त्रास उठवणारी बाहेरची गोष्ट, आणि त्यासाठी पत्रकात ‘चालना’ आली होती. मराठीत चालना चांगल्या गोष्टीला मिळते: उद्योगाला, संशोधनाला, मुलांच्या कल्पनाशक्तीला. ‘उत्तेजन’चंही तसंच, आपल्याकडे बक्षीससुद्धा उत्तेजनार्थ असतं. ‘उद्दीपक’ हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकात शोभतो. त्याचं कूळही थोर आहे, काव्यशास्त्रातल्या रसचर्चेत आलंबन विभावाच्या (ज्याच्याविषयी भावना जागते त्याच्या) जोडीला उद्दीपन विभाव (ती भावना वाढवणारं वातावरण) येतो, चांदणं नाही तर वसंत ऋतू. पण धाप लागलेल्या बाईला उद्दीपक सांगून काय कळणार? ‘उत्प्रेरक’ रसायनशास्त्राकडेच राहू द्यावा.

मग मी आईलाच विचारलं, “तुला कशाने त्रास होतो?” ती म्हणाली, “फोडणीचा खाट नाकात गेला की उबळ येते. उदबत्तीने छाती भरते. वांगं बाधतं, खाल्लं की अंगावर पित्त उठतं.” तीन वाक्यांत त्रासाची चार क्रियापदं आली, आणि ‘ट्रिगर’साठी वेगळं नाम एकदाही लागलं नाही. बाहेरची वस्तू ‘-ने’ प्रत्ययात किंवा ‘की’मध्ये मावली.

यातलं ‘उठणे’ मला फार मोलाचं वाटतं. पोटात कळ उठते, डोकं उठतं, अफवा उठते, गाव पेटून उठतं. जे आत दबून होतं ते बाहेरच्या कशाने तरी वर आलं, हे या क्रियापदात आपोआप येतं. त्याचंच नाम ‘उठाव’, आणि त्याचे दोन अर्थ एकाच घटनाक्रमात कसे भेटतात, ते थोडं विस्ताराने सांगतो.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा जवळपास तीनचतुर्थांश कच्चा कापूस अमेरिकेतून जायचा. तो थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला एकदम उठाव आला. उठाव म्हणजे इथे मागणी, व्यापारी अजूनही ‘मालाला उठाव नाही’ म्हणतात तो. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा सावकारांपर्यंत आला, सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने उचल दिली. मुंबईत शेअरांचं वेड लागलं, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, शेअर मातीमोल झाले, कित्येक पेढ्यांचं दिवाळं वाजलं. उचल थांबली, कर्ज मात्र राहिलं, आणि त्यातच नव्या जमाबंदीने, म्हणजे जमिनीवरचा कर नव्याने ठरवल्याने, सारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. हाही उठावच.

आता या सगळ्यात ‘ट्रिगर’ कुठला? मी म्हणेन, युद्धाची ‘झळ’ लागली. झळ हा अगदी नेमका शब्द आहे. आग दुसरीकडे असते, भाजतो आपण. महागाईची झळ, दुष्काळाची झळ असं आपण म्हणतोच. बाजाराचा घाबरटपणा सांगायचा तर ‘धसका’. शेअर बाजारात 23 मार्च 2020 रोजी कोरोनाचा धसका असा होता की निर्देशांक दहा टक्के घसरून व्यवहार 45 मिनिटं थांबले. असे व्यवहार आपोआप थांबले की तिथले लोक ‘सर्किट लागलं’ म्हणतात, भाव ठरलेल्या पातळीला आल्यावर तोटा आवरायला शेअर विकला गेला की ‘स्टॉपलॉस लागला’ म्हणतात, आणि ‘लागणे’ तिथे चपखल बसतं. ज्या भावाला असा सौदा जागा होतो त्या ‘ट्रिगर प्राइस’चं नाव बदलण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. ‘बाजार उठला’ मात्र जपून वापरावं, कारण आठवडी बाजार उठतो तो संध्याकाळी, आणि एखाद्याचा बाजार उठतो तेव्हा तो संपलेला असतो.

भाषांतर करणाऱ्या एका मैत्रिणीचा यावर आक्षेप आहे : “क्रियापदं ठीक, पण तक्त्याच्या मथळ्यात नाम लागतंच. तिथे काय लिहू?” तिला मी ‘निमित्त’ सुचवलं. वह्या जळायला कापसाचे पडलेले भाव निमित्त झाले, मुळाशी कर्ज आणि सारा होता. मूळ कारण आणि निमित्त हा भेद मराठी माणूस रोज करतो. ती म्हणाली, निमित्त म्हणजे सबबही होते, ‘पोटदुखीचं निमित्त करून शाळा बुडवली’. बरोबर आहे. दम्याच्या तक्त्यावर ‘निमित्तं’ लिहिलं तर रोगी सबबी सांगतोय असं वाटेल. तिथे ‘कशाने त्रास होतो’ हे तीन शब्द लिहावेत, मथळा लांबला तरी चालेल.

पत्रकातलं वाक्य मी असं बदललं : ‘धूळ, धूर आणि थंड हवेने दमा उसळतो.’ आईने ते वाचलं आणि उठून खिडकी लावली.

‘उसळतो’ हा आमच्या घरचा शब्द. तुमच्याकडे, कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात, दमा काय करतो?