वापरलेल्या कपड्यांबद्दलचा संकोच कसा दूर करावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या महिला बचत गटाने आठवडी बाजारात वापरलेल्या, पण चांगल्या स्थितीतील कपड्यांचे दुकान लावण्याचे ठरवले असून, नागपूर व अमरावतीच्या नातेवाइकांकडून साड्या, शर्ट आणि मुलांचे कपडे जमवले आहेत.

थोरलीचा फ्रॉक धाकटीला घालताना किंवा बाळासाठी आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे करताना ज्यांना काहीच वावगे वाटत नाही, त्याच बाया अनोळखी माणसाचा कपडा हातात घेऊन परत ठेवतात. तो मृत व्यक्तीचा तर नसेल, अशी शंका काहींनी बोलून दाखवली, आणि त्या भावनेचा मला आदर आहे.

पूर्वी सुती लुगडे विरले की त्याची गोधडी होत असे, आणि उरलेले कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतली जात. आताच्या पॉलिस्टरच्या साड्या लवकर फाटत नाहीत, घामही टिपत नाहीत. त्यामुळे नेसणे थांबले तरी त्या वर्षानुवर्षे पेटीत पडून राहतात. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात हे पाहून वाईट वाटते.

१९९९ पासून काम करणारी ‘गूंज’ ही संस्था गावातील सामूहिक श्रमाच्या मोबदल्यात कपडे देते, म्हणजे घेणाऱ्याचा मान राहतो. आम्ही तसे करावे, की अल्प किंमत ठेवावी? कपडे गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून, ते कोणत्या घरून आले हे सांगितल्यास विश्वास वाढेल का? ज्यांनी खेड्यात असे दुकान चालवले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.