शब्दचर्चा: ‘प्रॅक्टिकल इफेक्ट’ला मराठीत काय म्हणावं? आणि आपण ‘ग्राफिक्स’ नक्की कशाला म्हणतो?

गोदाकाठ:
नाशकात आमच्या वाचनालयात मुलांसाठी सिनेमाच्या तंत्रावर छोटं प्रदर्शन मांडतोय. बारा पाट्या आहेत, मजकूर माझ्याकडे. अकरा झाल्या, बारावीपाशी गाडी अडली आहे. तिचा विषय आहे, सेटवर प्रत्यक्ष केलेले इफेक्ट (म्हणजे ‘प्रॅक्टिकल इफेक्ट’) आणि संगणकावर केलेले इफेक्ट.

‘प्रॅक्टिकल इफेक्ट’ हे शब्द भाषांतराच्या यंत्रात घातले तर ‘व्यावहारिक परिणाम’ असं उत्तर आलं. मराठीत याचा अर्थ पार वेगळा होतो. ‘या निर्णयाचे व्यावहारिक परिणाम शेतकऱ्यांना भोगावे लागतील’, असं वाक्य त्याने डोळ्यांपुढे येतं. नुसतं ‘प्रॅक्टिकल’ ठेवलं तर शाळेतल्या मुलांना सायन्सची परीक्षा आठवते. म्हणून इथे विचारतोय.

त्यातून दुसरा प्रश्न निघाला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सिनेमा सुटल्यावर कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर पोरं काय बोलतात ते आठवडाभर कान देऊन ऐकलं. ‘गेममधले ग्राफिक्स भारी आहेत’ असं म्हणताना शब्द अनेकवचनी असतो, त्यात कसबाची दाद असते. ‘तो वाघ ग्राफिक्स वाटतोय’, ‘सगळं ग्राफिक्स आहे रे’ असं म्हणताना मात्र तोच शब्द विशेषणासारखा येतो आणि त्याचा अर्थ होतो खोटं, फसलेलं. जे दृश्य पटलं त्याला कुणीच ग्राफिक्स म्हणत नाही. ते ‘खरं’ असतं. म्हणजे हा शब्द आता तंत्राचं नाव राहिलेला नाही, तो नापसंतीचा शेरा झालाय.

माझ्या लहानपणी हे उलटं होतं. १९९३ चा डायनासोरांचा तो अमेरिकन सिनेमा, जुरासिक पार्क, आपल्याकडे हिंदीत डब होऊन आला तेव्हा ‘अख्खं कॉम्प्युटरवर केलंय’ हे कौतुकाचं वाक्य होतं. गंमत अशी की ते कौतुकही चुकीचंच होतं. त्या सिनेमात डायनासोर दिसतात साधारण १५ मिनिटं, आणि त्यातली संगणकावरची आहेत ६ च्या आसपास. बाकीचे स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनवलेले यांत्रिक प्राणी. पावसातल्या प्रसंगात त्या अजस्र टी-रेक्सची फोमची कातडी पाणी पिऊन इतकी जड व्हायची, की यंत्र थरथरू लागायचं. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. आपण तेव्हा टॉवेलने पुसलेल्या प्राण्याला कॉम्प्युटरचा समजून टाळ्या वाजवल्या. आज कॉम्प्युटरवर केलेल्या कामाला खरं समजून वाजवतो.

कॉम्पवाली:
मी मूळची नाशिकची, सिडकोतली. आता मुंबईत कंपोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकावर एक रचून सिनेमाचं एकच दृश्य तयार करते. काका, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. घरच्यांना माझं काम समजावता समजावता माझी निम्मी दिवाळी जाते.

आधी तीन शब्द वेगळे करूया, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सेटवर कॅमेऱ्यासमोर जे घडवतात, म्हणजे पाईपचा पाऊस, पंख्याचा वारा, स्फोट, मोडणारं टेबल, ते आमच्यात स्पेशल इफेक्ट, एसएफएक्स. चित्रीकरणानंतर चित्रात जे बदलतात ते व्हिज्युअल इफेक्ट, व्हीएफएक्स. आणि सीजीआय म्हणजे संगणकाने मुळापासून तयार केलेलं चित्र. सीजीआय हा व्हीएफएक्सचा एक भाग आहे, सगळं व्हीएफएक्स म्हणजे सीजीआय नाही. मी दिवसभर जे करते त्यात बऱ्याचदा संगणकाने बनवलेली एकही वस्तू नसते. नटाच्या कमरेची तार पुसायची, मागच्या इमारतीवरचा मोबाइलचा टॉवर काढायचा, दोन वेगवेगळ्या दिवशी शूट केलेल्या प्लेट, म्हणजे चित्रीकरणाचे तुकडे, एकत्र बसवायच्या. वापरलेलं सगळं कॅमेऱ्याने टिपलेलंच असतं.

हा फरक माहीत नसला की काय होतं ते ‘ओपनहायमर’च्या वेळी दिसलं. दिग्दर्शक नोलन म्हणाले की एकही सीजीआय शॉट नाही. लोकांनी ऐकलं की व्हीएफएक्सच नाही. त्या सिनेमाला व्हीएफएक्स सुपरवायझर होते, अँड्र्यू जॅक्सन. काम डीनेग या स्टुडिओने केलं. खरोखर पेटवलेल्या, उडवलेल्या गोष्टींचं चित्रीकरण करायचं आणि ते थर एकमेकांवर रचून अणुस्फोट उभा करायचा, असं ते काम होतं. हेच तर कंपोझिटिंग! एका अक्षरसमूहाच्या गोंधळात इतक्या लोकांचे हात दिसेनासे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि हो, ‘प्रॅक्टिकल’ला सेटवर तिसराच अर्थ आहे. दृश्यात दिसणारा आणि खरंच पेटलेला टेबललॅम्प किंवा ट्यूबलाइट म्हणजे ‘प्रॅक्टिकल लाइट’. लाइटमनला नुसतं ‘प्रॅक्टिकल लाव’ म्हटलं तर तो दिवा लावेल, स्फोट नाही.

त्र्यंबकरोड:
माहिती छान. पण प्रेक्षकाचा कान धरू नका. माणूस विमानात खरंच बसलेला असला की त्याच्या गालावरून कळतं. ‘टॉप गन मॅव्हरिक’ बघा. तिथे खरं होतं म्हणून ते भिडलं. खरं ते खरं. त्यासाठी नवा शब्द कशाला? ‘अस्सल’ म्हणा.

कॉम्पवाली:
दादा, गालांबद्दल तुमचं बरोबर आहे. नटांना खरोखर एफ-१८ या लढाऊ विमानाच्या मागच्या सीटवर बसवलं होतं, आणि तो ताण संगणकावर आणणं फार अवघड. पण त्याच सिनेमात सुमारे २४०० व्हीएफएक्स शॉट आहेत आणि व्हीएफएक्सच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही होतं. आकाशात एक खरं विमान उडवायचं, त्याची चाल, त्याच्यावरचा उजेड टिपायचा, आणि नंतर त्या जागी दुसऱ्या जातीचं विमान संगणकावर बसवायचं किंवा सोबतीला आणखी विमानं वाढवायची, असं बरंच काम आहे. आता यातलं ‘अस्सल’ कुठे संपतं ते मला तुम्हीच दाखवा.

दृश्य खोटं का वाटतं, तेही सांगते. साधारणपणे उजेड जुळलेला नसतो, वजन जाणवत नाही, कॅमेरा अशा जागी नेलेला असतो जिथे माणूस कॅमेरा नेऊच शकत नाही. किंवा आम्हाला वेळ दिलेला नसतो. हे शेवटचं कारण प्रेक्षकाला कधी कळत नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतेक शॉटमध्ये संगणकावरचा आहे, मोजक्या शॉटमध्ये खरा. तो करणारी र्‍हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी ऑस्कर मिळालं. त्या वाघाला कुणी ‘ग्राफिक्स’ म्हणालं नाही.

त्र्यंबकरोड:
हे माहीत नव्हतं. ‘अस्सल’ मागे घेतो.

अशोकस्तंभ:
मी निवृत्त संस्कृत शिक्षक. दोन शब्दांबद्दल बोलतो.

पहिला ‘कृत्रिम’. संगणकाच्या कामासाठी तो कुणी सुचवेल, पण तोही बाजूला ठेवावा लागेल, कारण कृ धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘क्रियेने घडलेलं’ एवढाच आहे. पाईपचा पाऊसही कृत्रिम आणि संगणकाचा पाऊसही कृत्रिम. खोटेपणाचा वास त्याला नंतर लागला. ‘प्रत्यक्ष’मध्ये मात्र ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे, डोळ्यासमोर असलेलं ते प्रत्यक्ष. पण आपण प्रेक्षक डोळ्यासमोर पाहतो तो पडदा. सेटवरचं सत्य प्रत्यक्ष होतं ते कॅमेऱ्याला.

दुसरा शब्द ‘ट्रिकसीन’. आमच्या पिढीचा हाच शब्द, आणि कानाला ‘ट्रिकशीन’. मारुती उडाला, बाण हवेत भिडले, राक्षस मोठा झाला, सगळं ट्रिकसीन. त्यात ते कसं केलं याची चौकशी नव्हती आणि हेटाळणीही नव्हती. उलट ‘या पिक्चरला ट्रिकसीन लय आहेत’ ही जाहिरातच. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या, तेव्हापासून त्यांना ‘काला धागा’च म्हणू लागले. कॉम्पवाली ताईंची तार पुसणारी मंडळी त्याच धाग्याची वारस म्हणायची. दोरा लपवणं तेव्हा रंगाने होत होतं, आता संगणकाने होतं.

‘नजरबंदी’ही सुचवणार होतो. नजर बांधून ठेवणं, जादूगाराचा शब्द. पण वर्तमानपत्रांनी तो पुढाऱ्यांच्या स्थानबद्धतेला देऊन टाकलाय. मुलं गोंधळतील.

गोदाकाठ:
सर, ‘ट्रिकसीन’ने माझं काम केलं. पाटीचं शीर्षक तेच. त्याखाली दोन भाग: ‘कॅमेऱ्यासमोरची ट्रिक’ आणि ‘कॅमेऱ्यानंतरची ट्रिक’. दोन्ही ट्रिकच, त्यामुळे एक खरी नि एक खोटी असा भेद आपोआप गळतो. कॉम्पवाली, सेटवर तुम्ही ‘पोस्टमध्ये करू’, म्हणजे चित्रीकरणानंतरच्या कामात करू, म्हणता, त्याचं हे मराठी चालेल ना?

नाशकात राहून फाळक्यांचं नाव घेतलं नाही तर पाटी अपुरी राहील. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब सिनेमात येण्याआधी जादूचे प्रयोग करायचे आणि त्यासाठी आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ झाले होते. फाळके, केळफा. मुलांना हे फार आवडेल. पुढे नाशकात येऊन त्यांनी ‘लंका दहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) केले. आपल्या सिनेमाचा पाया जादूगाराने घातला आहे, आणि आपणच ‘ट्रिक नको, खरं दाखवा’ म्हणतोय.

कॉम्पवाली:
चालेल, छान आहे. पण काका, एक अडचण. फाळक्यांनी १९१२ मध्ये रोपाची वाढ चित्रित केली होती ना? कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडंथोडं टिपलं. पडद्यावर मात्र रोप मिनिटाभरात वाढलं. ती ट्रिक तुमच्या कुठल्या भागात बसेल? कॅमेऱ्यासमोर काहीच ट्रिक नाही, साधं रोप आहे. नंतरही काही केलेलं नाही.

गोदाकाठ:
रात्रभर यावर विचार केला. तिसरा भाग लागतो, ‘कॅमेऱ्यातली ट्रिक’. एकाच फिल्मवर दोनदा चित्रीकरण करून एका नटाची दोन रूपं दाखवणं, कॅमेरा थांबवून माणूस गायब करणं, फिल्म हळू फिरवून पळापळ वाढवणं, सगळं यात येईल. आणि वाटाण्याचं रोप तर या चर्चेचंच उत्तर आहे. त्यातलं पान न् पान खरं, तरी ती हालचाल कुणाच्याही डोळ्याने कधी पाहिलेली नव्हती. खरं की ग्राफिक्स, हा प्रश्न तिथे लागूच पडत नाही.

शब्दाच्या सवयीचं दुसरं टोकही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात गेली. पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावरच आपण नाशिककर पूर मोजतो. मी पुलावरून काढलेला व्हिडिओ पुण्याच्या भाच्याला पाठवला, तर त्याचं उत्तर, ‘मामा, एडिटिंग आहे, कुणीही फॉरवर्ड करतं.’ मी स्वतः पावसात उभा राहून काढलेला व्हिडिओ! आता तो हेच ‘एआय आहे’ म्हणतो. शब्द बदलतात, शेरा तोच. मुलांना नेमके शब्द द्यायचेत ते यासाठी.

अशोकस्तंभ:
तिन्ही भाग पटले. लिहिताना ‘ट्रिकसीन’ एकच शब्द, जोडून.

त्र्यंबकरोड:
कुंडी आणि माती मी आणून देतो. वाटाणे आज पेरले तर प्रदर्शनापर्यंत वेल चांगला वीतभर होईल. वाचनालयाच्या खिडकीत ठेवा आणि तिथल्या मुलांकडून रोज सकाळी एकाच जागेवरून मोबाइलवर एक फोटो काढून घ्या. पाटीच्या शेजारी तेच चालवू.