कंत्राटदार ठरलेली हजेरी देत नाही, कंपनी म्हणते आमचा संबंध नाही. दाद कुठं मागायची?

व्हीएमसी_उद्यमबाग:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये आम्ही सहाजण कंत्राटदाराच्या हाताखाली आहोत. बोली झाली ती आठ तासांना 700 रुपये हजेरी आणि ओटी (जादा तासांचे पैसे) डबल. करारपत्र नाही, पण दर त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलाय. गेले चार महिने खात्यावर 12 हजारच टाकतो. बाकीचं विचारलं की "कंपनीकडनं बिल निघू दे". कंपनीत विचारलं तर "तुम्ही आमचे कामगार नव्हे". आता गेटवरच्या यादीतनं आमची नावंही काढलीत. पोलिसात जावं, कोर्टात जावं की लेबर ऑफिसला? अर्ज कन्नडमध्येच लागतो का? आमच्यातल्या एकाचे त्याच कंत्राटदाराकडं शिनोळीच्या साईटवरचे पैसेही राहिलेत.

हिशोबनीस:
लेबर ऑफिस, म्हणजे कार्मिक इलाखा (कर्नाटकाचं कामगार खातं). पोलीस हा दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात. आणि पगाराच्या दाव्यासाठी कायद्यानं वेगळा अधिकारी नेमलेला असल्यामुळं दिवाणी कोर्टात तो दावा चालतच नाही. तिथं गेलात तर वकिलाची फी आणि वेळ, दोन्ही वाया.

वेतन संहिता 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा. काढून टाकलं किंवा तुम्ही स्वतः काम सोडलं, तरी सगळी बाकी दोन कामाच्या दिवसांत चुकती करायची. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती बाराच महिने होती. म्हणून थोडी जरी बाकी 21 नोव्हेंबरच्या आधीची असेल, तर बारा महिन्यांच्या आतच अर्ज टाका, म्हणजे मुदतीचा वाद उभाच राहणार नाही.

आता कंपनीचं बोलूया, कारण तुमचे पैसे खरे तिथंच अडकलेत. ज्याच्याकडं कामाला आहात त्यानं पगार थकवला, तर ज्या आस्थापनेत काम चालतं तिचा मालक तो द्यायला जबाबदार आहे, असं संहितेच्या कलम 43 मध्ये स्पष्ट लिहिलंय. पूर्वी कंत्राटी कामगार कायद्यात किमान वीस कामगारांची अट आडवी यायची. या कलमात तसा आकडा नाही, त्यामुळं तुम्ही सहाच असलात तरी चालतं. अर्जात पहिल्या दिवसापासून दोन्ही नावं घाला: सामनेवाला क्रमांक 1 कंत्राटदार, क्रमांक 2 कंपनी. पुष्कळ अर्ज फक्त कंत्राटदाराच्या नावानं जातात. मग तो खोली बदलतो, नोटीस परत येते आणि फाईल पडून राहते. त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा, "अमुक अण्णा" चालणार नाही. जीएसटी नंबर मिळाला तर पोर्टलवर कायदेशीर नाव आणि पत्ता निघतो. पीएफ कापत असेल तर पासबुकात आस्थापनेचं नाव असतं.

हिशोब महिन्यावार मांडा. चार महिन्यांचा मिळून एकच आकडा लिहू नका. उदाहरणार्थ एका महिन्याची ओळ अशी: 26 हजेऱ्या गुणिले 700, म्हणजे 18,200. ओटी 30 तास, ताशी 87.50, त्याच्या दुप्पट 175, म्हणजे 5,250. एकूण 23,450. खात्यावर आले 12,000. बाकी 11,450. घेतलेली उचल स्वतःच वजा दाखवा. ती लपवली आणि समोरच्यानं तिचा कागद काढला, तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण तुम्ही तिथं काम केलं आणि दर हाच ठरला होता, एवढं तुम्हाला दाखवावं लागेल. त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट, गेटपास, जॉब कार्डांचे फोटो आणि ते व्हॉट्सॲपचे मेसेज ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका. चॅट एक्स्पोर्ट करा आणि मूळ फोन जपा, कारण कोर्टात असा पुरावा देताना त्या फोनबद्दलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

मलप्रभाकाठ:
भाषेचं सांगतो. संविधानाच्या कलम 350 प्रमाणं गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठी अर्ज आहे म्हणून घेत नाही, असं म्हणता येत नाही. तरी फाईल पुढं कन्नडमध्ये चालते, म्हणून मराठी अर्जावर सही करून सोबत कन्नड तर्जुमा जोडलेला बरा. हक्क सोडायचा नाही आणि कामही अडू द्यायचं नाही. कन्नड मजकूर टायपिंगवाल्याकडनं करून घेतला असेल, तर कळणाऱ्या माणसाकडनं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. रकमा आणि तारखा तिथंच चुकतात.

अर्जाची एक प्रत जास्तीची न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. पोचेविना दिलेला अर्ज हा न दिल्यासारखाच. त्याआधी दोघांनाही 15 दिवसांची मागणी नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात सामावलंय, तेव्हा काउंटरवर पोचपावती आठवणीनं मागा. सहाजणांचा एकच अर्ज चालतो, पण हिशोबाचं पान प्रत्येकाचं वेगळं लावा. तारखेला कोणीतरी हजर राहायलाच पाहिजे. गैरहजेरीमुळं अर्ज निकाली निघणं हे इथलं नेहमीचं दुखणं आहे.

शिनोळीचा भाग मात्र वेगळा काढा. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. काम जिथं झालं तिथल्या कार्यालयाचा अधिकार चालतो. कंत्राटदार बेळगावचा आहे की कामगार खानापूरचा, हे त्यात बघत नाहीत. ते पैसे कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांकडं मागायचे. निपाणीहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जाणाऱ्यांनाही हेच लागू. दोन्ही राज्यांचा हिशोब एका अर्जात घातला, तर निम्मा अर्ज अधिकाराबाहेरचा म्हणून परत येईल.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकाराकडं जा, फोन 15100. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले यांना वकील फुकट मिळतो.

जॉबवर्क_मच्छे:
हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. वरचं सगळं हजेरीवर किंवा नगावर मजुरी घेणाऱ्यांसाठी आहे. वडगाव-शहापूरच्या मागावर मीटरवर मजुरी घेणाराही त्यात येतो. पण तुम्ही स्वतः गुत्त्यानं (ठेक्यानं) काम घेतलं, म्हणजे स्लॅबचं सेंट्रिंग चौरस फुटावर किंवा शॉपचं टर्निंग नगावर, माणसं तुमची आणि बिल तुमच्या नावाचं, तर तुम्ही कामगार नाही, व्यावसायिक ठरता. लेबर ऑफिस तुमचा अर्ज घेणार नाही. तिथं दिवाणी दावा, आणि मुदत काम पुरं झाल्यापासून तीन वर्षं.

जॉबवर्कवाल्यांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवावी. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल घेणाऱ्यानं लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढं थकवता येत नाही. थकवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. तक्रार सरकारच्या लघु उद्योगांसाठीच्या पोर्टलवर करता येते. मात्र काम झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडत नाही.

व्हीएमसी_उद्यमबाग:
सगळ्यांचे आभार. आज निरोप आलाय, प्रत्येकी 5 हजार रोख आणि 15 हजारांचा चेक देतो, "फुल अँड फायनल"च्या व्हाउचरवर सही करा. घ्यावं का?

हिशोबनीस:
पैसे घ्या, पण त्या सहीवर नाही. व्हाउचरवर स्वतःच्या हातानं लिहा: "बाकीपैकी 5,000 रुपये रोख मिळाले, उरलेल्या रकमेचा हक्क राखून". तारीख घाला आणि फोटो काढा. तो तसं लिहू देत नसेल तर रोख नको, खात्यावर टाक म्हणा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही अजिबात नको. पैसे राहिलेत म्हणून शॉपमधलं टूल, गेज किंवा इन्सर्टचा डबाही कोणी घरी नेऊ नका. चोरीची तक्रार झाली की पगाराचा दावा बाजूला पडतो.

चेक घेताना नाव, रक्कम आणि तारीख भरलेली हवी. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या (चेकविषयीच्या कायद्याच्या) कलम 138 खाली फौजदारी तक्रार. यातली एक तारीख जरी हुकली तरी तो रस्ता बहुतेक बंद होतो, म्हणून मेमो हातात आला की त्याच दिवशी त्यावर मिळाल्याची तारीख लिहा. लेबर ऑफिसातला अर्ज चेक खात्यावर वटेपर्यंत मागं घेऊ नका. आणि आलेले 20 हजार त्या अर्जाच्या हिशोबात वजा दाखवायला विसरू नका.